मावळतीची पन्हळ

वैशाख लागला की आमच्या गल्लीत दोन वास येऊ लागतात. एक कुरडयांच्या चिकाचा, आंबूस, शेजारच्या सगळ्या घरांतून एकदमच येणारा. दुसरा भिजत घातलेल्या पांढऱ्या मातीचा. हा दुसरा वास एके काळी साऱ्या गावाचा होता, आता तो फक्त आमच्या अंगणातून येतो. गावात पत्रे आले, स्लॅब पडले, आणि धाब्याचं म्हणून दाखवण्यासारखं एकच घर उरलं, ते आमचं. तेही पुढचा भाग तेवढा. मागं आता विटांचं, मोठ्या खिडक्यांचं नवं घर जोडलं आहे. पुढून बघणाऱ्याला वाटतं, ही माणसं जुन्यात अडकलीत. आत आल्यावर तो म्हणतो, अरे, यांच्याकडं तर ग्रॅनाइटचा ओटा आहे. मला दोन्ही ऐकायला आवडतं.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आमचं गाव. इथल्या हायस्कूलवर मी मराठी शिकवते. गाव मला बाई म्हणतं. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, तेही नोकरी लागल्यापासून मला बाईच म्हणतात आणि अहो-जाहो करतात. सुरुवातीला ते थट्टेनं होतं. पुढं सवय झाली. मी कमी बोलते असं सगळे म्हणतात. शाळेत तो माझा गुण धरला जातो. घरातही कुणी कधी विचारलं नाही की ही बाई एवढी गप्प का असते. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का, कोण जाणे.

धाबं ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. खाली जाड तुळया, त्यांच्यावर आडव्या कड्या, कड्यांवर फळकुटं, मग लिंबाचा पाला आणि वर चांगली वीतभर पांढरी माती. दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणतात, आणि घर किती मोठं हे आमच्याकडं खणांतच सांगतात. छताच्या चारही बाजूंना बुटका कठडा. कठड्यात आरपार बसवलेल्या दोन पन्हळी, एक उगवतीला, एक मावळतीला. छत मध्ये किंचित उंच ठेवायचं आणि तिथून दोन्ही पन्हळींकडं ढाळ द्यायचा. हा ढाळ डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला मात्र बरोबर कळतो. पावसानं, वाऱ्यानं, मांजरांच्या पायांनी तो वर्षभर झिजतो. म्हणून दर वैशाखात वर नवी माती पसरायची, चोपायची आणि ढाळ पुन्हा बसवायचा.

हे बसवायला गावात मामांना बोलावत. त्यांच्याकडं ढाळ मोजायला ना दोरी, ना पाण्याची नळी. उकिडवं बसायचं, गाल जवळजवळ मातीला टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "हिकडं एक घमेलं आजून." सगळं झालं की मधोमध कळशी ओतायची. पाणी आधी जागच्या जागी थांबायचं, विचार केल्यासारखं, आणि मग दोन वाटांनी निघायचं. खाली गल्लीतली पोरं पन्हळीखाली डोकी धरून उभी असायची. माती बरंच पिऊन टाकायची, म्हणून पाणी मोजकंच पोचायचं, गढूळ, पण पोरं ओरडायची. मामा वरून विचारायचे, "आलं का?" खालून आवाज यायचा, "आलं." झालं. घर पावसाळ्याला तयार.

माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. दगडी भिंती, वर कौलं, रात्रंदिवस मालगाड्या. गाडी गेली की फडताळातल्या कपबश्या वाजायच्या आणि आम्ही बोलता बोलता तेवढं थांबायचो. छत ही आमच्या घराची गोष्टच नव्हती, ते रेल्वेचं होतं. गळलं तर वडील कळवायचे, माणसं यायची, शिडी लावायची, जायची. छताला दर वर्षी कुणी हात लावायला हवा असतो हे मला लग्नानंतर कळलं.

खरं सांगायचं तर हे घर मला मुळीच आवडलं नाही. वाकून आत शिरायचं दार. मधल्या खणात उजेडासाठी छताला ठेवलेलं भोक, त्याला आमच्याकडं साणं म्हणतात, त्यातून येणारा एकच कवडसा, तो दिवसभर भिंतीवरून सरकत जायचा आणि कुठंच पुरायचा नाही. वरून बारीक माती झरायची. भाकरीवर, दुधात, बाळाच्या टाळूवर. मी ताटं झाकायची, पाळण्यावर जुनी साडी बांधायची. हे तेव्हा एमआयडीसीत कामाला होते, सकाळी गेले की दिवस मावळताना यायचे. त्यांना म्हणायची, स्लॅबचं बघा की. ते म्हणायचे, "मामा हायेत तोवर न्हाई गं जमायचं." घरात वडिलांना तेही मामाच म्हणत, गावाचं ऐकून. मामा कुणावर ओरडले नव्हते, नको म्हणाले नव्हते, पण माती कालवताना त्यांचा चेहरा बघितला की स्लॅबचा विषय कुणी काढत नसे.

आता याच घराविषयी मी कौतुकानं लिहिते आहे. माणूस कसं फिरतं बघा.

ती माती कुठून यायची तेही सांगायला हवं. गावाच्या कडेला नदीच्या अंगाला जुनी पांढर आहे. कधीकाळची वस्ती मोडून, तिच्या भिंती विरघळून झालेलं टेकाड. असंच टेकाड पलीकडं इनामगावला अभ्यासकांनी खणलं, तर हजारो वर्षांपूर्वीची घरं, चुली, रांजण निघाले. आमच्या टेकाडाची मात्र पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीनं वाहून छतंच झाली. माती चाळताना चाळणीत खापराचे तुकडे राहायचे, एखादा मणी राहायचा. मामा ते बाजूला काढून तुळशीच्या कट्ट्यावर ठेवायचे. "कुनाचं तरी घर डोक्यावर घेतोय आपण," म्हणायचे, "जपून टाका." आता तिथली माती आणायची नाही असं ठरलं आहे, आणि बरंच आहे ते. आमच्या धाब्यावर आहे ती जुनीच माती दर खेपेला उतरवून, चाळून, भिजवून पुन्हा वर जाते.

मूळ मुद्द्यावर यायला मी किती वळसे घेते आहे हे माझ्याही ध्यानात आलं आहे. येते आता.

त्या वर्षी नीलेश, माझा मुलगा, पाळण्यात होता. वैशाखात मामांनी माती टाकून ढाळ बसवला आणि त्या ताज्या, गुळगुळीत धाब्यावर मी बाज टाकून कुरडया घातल्या. आमच्याकडं त्या दिवसांत मावळतीचा वारा सुटतो. मावळतीच्या पन्हळीतून तो फुंकणीतून निघाल्यासारखा आत घुसायचा आणि रस्त्यावरचा फुफाटा थेट ओल्या कुरडयांवर यायचा. मी जुन्या लुगड्याचा एक तुकडा घेतला, बोळा केला, पन्हळीत कोंबला आणि मुसळाच्या टोकानं ठोकून बसवला. कुरडया वाळल्या. डब्यात भरल्या. बोळा तिथंच राहिला.

आमचा भाग पावसाच्या बाबतीत कोरडाच. त्या साली तर मृग, आर्द्रा नावालाच आले. जो काही शिडकावा पडला तो धाब्यानं पिऊन टाकला, पन्हळीपर्यंत पाणी पोचलंच नाही. पाऊस आला तो हस्तात, बाजरी काढून शेतात पडली असताना. दिवसभर पडला, दुसऱ्या दिवशीही धरून राहिला. दुपारी मामा आणि हे कणसं झाकायला ताडपत्री घेऊन शेतात गेले. घरी मी आणि पाळण्यातला नीलेश.

पावसात या घराला एक आवाज असतो. दोन्ही पन्हळी अंगणातल्या फरशीवर पडतात आणि त्यांचे सूर वेगळे. उगवतीची पातळ, मावळतीची भरदार. त्या दुपारी मला फक्त पातळ आवाज ऐकू येत होता. आधी नुसतंच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग आठवलं.

इथं मी अनेक वर्षं थांबत आले आहे. विसरले होते, एवढं मनाशी म्हणायचं आणि पुढचं म्हणायचं नाही. पुढचं असं आहे की मला आठवलं आणि मी उठले नाही. शिडी अंगणातच होती. भिजले असते, एवढंच. मी मागच्या खणाच्या, म्हणजे चुलीच्या खणाच्या तुळईकडं बघत बसले; मावळतीची पन्हळ त्याच खणावर होती. तुळईच्या कडेनं पाणी ओघळायला लागलं होतं. मनात आलं, पडलं तर पडू दे. पडलं म्हणजे एकदाचं स्लॅबचं होईल. मग तुळई करकरली. मी पाळणा सोडला, नीलेशला घेतलं आणि पुढच्या ओट्यावर येऊन बसले.

खण पडला तेव्हा मोठा आवाज झाला नाही. ओलं धान्याचं पोतं खाली टाकावं तसा, बसका. आत चूल, मांडणी, पाळण्याची जागा, सगळ्यावर चिखल.

पाऊस जरा थांबल्यावर मी वर गेले. मागचा खण गेला होता, पण कठडा उभा होता आणि त्यात पन्हळ. मी बोळा उपसला. तो मी चुलीत घालणार होते, पण चूल चिखलाखाली. शेवटी शेजारच्या काकूंच्या चुलीत घातला. ओला होता. जळेचना, नुसता धुमसत राहिला. काकू म्हणाल्या, "काय घातलंस गं?" मी म्हटलं, पोतेरं.

आणि मग गाव आलं. सगळ्यांनी एकच गोष्ट धरली. आईच्या मनाला आधीच कळलं आणि लेकरू वाचलं. बायका माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडत होत्या. मामांनी नीलेशला उचललं, त्याचं डोकं हुंगलं आणि माझ्याकडं बघून हात जोडले. सासऱ्यानं सुनेला हात जोडणं ही आमच्याकडं होणारी गोष्ट नाही. त्या जोडलेल्या हातांकडं बघतानाच सांगायला हवं होतं. मी पदर सावरला आणि खाली बघितलं. लोकांना तेही शोभून दिसलं.

दुसऱ्या दिवशी मामा एकटेच वर चढले, पडलेल्या खणाच्या कडेला बराच वेळ उकिडवे बसले आणि खाली येऊन म्हणाले, "पन्हळीचं तोंड वर राह्यलं माझ्याच्यानं. पानी तिथपतूर आलं आन् बाहेर पडाया जागा न्हवती." कुणीतरी म्हणालं, "तुळई कुजली असंल, मामा." ते म्हणाले, "तुळईला कशाला बोल लावता. ढाळ माझा चुकला."

स्लॅब काही झाला नाही. चुलीच्या खणावर पत्रे पडले, मावळतीची पन्हळ अलीकडच्या खणाच्या कठड्यात बसवली. माझ्या वाट्याला तेच आलं: उन्हाळ्यात भट्टी आणि पावसात कान फुटतील असा आवाज. मामांनी त्यानंतर मातीला हात लावला नाही. आमच्या पुढच्या खणांवर माती टाकायला मांडवगणहून माणूस यायचा, तो जेमतेम टाकायचा. लोक मामांना बोलवायला यायचे, "मामा, नुसतं बघून तरी जावा." मामा म्हणायचे, "ज्यानं स्वताच्या नातवावर घर पाडलं त्याच्या डोळ्यावर इसवास ठेवू नका बाबांनो." हसत म्हणायचे. मग हळूहळू बोलवणारी घरंच राहिली नाहीत. दर वैशाखात ओल्या मातीचा वास सुटला की मामा शेतावर निघून जायचे आणि मी कुरडया अंगणात घालायची. धाब्यावर मी पुन्हा कधी वाळवण घातलं नाही. कुणी कारण विचारलं नाही. शिडी चढायला नको वाटत असेल, आधी अंगावरचं पोर म्हणून, पुढं वय झालं म्हणून, असं त्यांनी धरलं.

घर वाढवायचं ठरलं ते नीलेशच्या लग्नानंतर. सून ऋतुजा कंपनीचं काम घरून करते, लॅपटॉपवर. उन्हाळ्यात आली आणि मधल्या खणात बसून दिवसभर काम केलं. संध्याकाळी म्हणाली, "आई, आमच्या फ्लॅटमध्ये एसी लावून एवढं गार होत नाही. हे पाडायचं नाही हं." नीलेश म्हणाला, "आन् भिंतीतनं नेट जात न्हाई ते पण सांग." तेही खरं होतं. त्या हातभर जाडीच्या मातीच्या भिंती सिग्नल गिळून टाकतात. शेवटी राउटर बसला तो भिंतीतल्या देवळीत, दिव्याशेजारी. मामा संध्याकाळी दिव्याला हात जोडतात तेव्हा तो हिरवा ठिपकाही नमस्कार घेतो.

मागचं सगळं पटापट ठरलं. पत्रे काढायचे, तिथं स्वयंपाकघर, त्याला लागून बाथरूम, वर ऋतुजाच्या कामाची खोली. मामांनी घरातल्या घरात संडास याला थोडी कुरकुर केली आणि भिंतीला धरायला स्टीलचा दांडा लागणार म्हटल्यावर गप्प बसले. अडलं ते पुढच्या खणांवर. दौंडकडचा ठेकेदार वर जाऊन आला आणि म्हणाला, "बाई, ढाळच राहिला नाही वर. आणखी एक पाऊस काढणार नाही. एक तर नीट धाबं घाला, ते करणारा माणूस मला माहीत नाही. नाही तर स्लॅब टाका. पण मातीच्या भिंती स्लॅब पेलत नाहीत, त्या पाडाव्या लागतील."

नीलेश मामांपाशी जाऊन बसला. तो त्यांना आबा म्हणतो. "आबा, तुम्ही नुसतं खुर्चीत बसून सांगा. टाकायला माणसं हायेत."

"सांगाया तरी यायला लागतं."

"तुम्हाला येतं की."

"येत व्हतं," मामा म्हणाले. "तुझ्यावर पडलं असतं त्या दिशी. स्लॅब टाका. मी तिकडं मळ्यातल्या खोपीत ऱ्हातो पाडंपतूर. मला बघाया लावू नका."

असं ठरलं. पुढच्या आठवड्यात भिंती पाडायच्या. ज्या स्लॅबसाठी मी एक खण पडू दिला होता, तो आता सगळ्यांच्या संमतीनं होणार होता, आणि मला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं, जे मला चांगलं जमतं. मी ओट्यावर बसून त्या वाकून शिरायच्या दाराकडं बघत होते. माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत माझी पाठ आपोआप वाकायला शिकली होती. दौंडला भावाकडं गेले तरी उंच दारातून मी वाकूनच शिरते, भाचे हसतात. हे घर माझ्या अंगात शिरलं होतं आणि ते पाडायला मामा हो म्हणाले होते, न केलेल्या चुकीसाठी.

कामगार जेवायला बसले होते. मामा लिंबाखाली होते. मी चहा घेऊन गेले आणि उभीच राहिले.

"मामा, एक सांगायचंय."

"सांगा."

"मावळतीच्या पन्हळीत मी बोळा कोंबला होता."

"कवा?"

"खण पडला त्या साली. कुरडयांवर धूळ येत होती."

"मग काढला न्हाई?"

"विसरले. पाऊस लागला तेव्हा आठवलं." मग मी उरलेलं बोलले. "आठवलं, पण उठले नाही. पडलं तर स्लॅब होईल असं वाटलं."

मामांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं नाही. धाब्याकडं बघत होते.

"बोळा घट्ट व्हता?"

मला आधी कळलंच नाही ते काय विचारताहेत. "घट्ट होता. मुसळानं ठोकला होता."

"म्हंजी थेंब जायाचा न्हाई."

"नाही."

"आन् पानी तिथंच साचलं. मदी न्हाई."

"मध्ये नाही. सगळं पन्हळीपाशीच."

"म्हंजी तोंड वर न्हवतं," मामा म्हणाले. मग पुन्हा, स्वतःशीच, "तोंड वर न्हवतं. पानी आलं व्हतं बरुबर." त्यांचा उजवा हात हवेत जरासा उताणा झाला आणि मावळतीकडं कलला. इतक्या वर्षांत मी त्यांचा हात तसा कललेला पाहिला नव्हता.

मग त्यांनी हात मांडीवर ठेवला. "आन् पोरगं? त्याला आदीच बाहेर आणलं म्हंजी ठावं व्हतं."

"हो."

"मी हात जोडले तवा बी ठावं व्हतं."

"हो, मामा."

ते उठले आणि नदीकडं निघून गेले. चहा तसाच राहिला. माशी पडेपर्यंत मी तो उचलला नाही.

पुढचे काही दिवस मामा माझ्याशी बोलले नाहीत. जे सांगायचं ते ऋतुजाकरवी. "ऋतुजा, बाईंना म्हनावं मीठ कमी हाय." मी समोरच वाढत असायची. ऋतुजा बिचारी आमच्या दोघांकडं बघायची. तिला वाटलं, बांधकामाच्या धुळीनं सगळे चिडलेत. मला त्या मिठाच्या निरोपाचंही बरं वाटायचं. निदान रागवायला त्यांच्याकडं खरं कारण होतं आणि ते माझ्यावर होतं, स्वतःवर नव्हतं.

एका सकाळी ते शेतावर गेले नाहीत. नीलेशला म्हणाले, "शिडी आन. आन् त्या ठेकेदाराला म्हनावं, भिंतीला हात लावायचा न्हाई."

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून मन भरून येतं. जुनी माती उतरली, अंगणात ढीग झाला. चाळणीत खापरं राहिली, बांगडीची काच राहिली, कुणाची कोण जाणे. एक तुळई बदलली. नीलेशनं पाणी अडवणारा काळा कागद आणला, मातीखाली अंथरायला. मामा म्हणाले, "मातीला परकर नेसवताय व्हय? नेसवा." साण्यावर जाड काच बसली, तिच्याभोवती मामांनी स्वतः मातीचं कडं केलं. आता मधल्या खणात तो कवडसा रुंद पडतो आणि त्यात ऋतुजाची मीटिंग चालते. नव्या स्वयंपाकघरातून जुन्या खणात यायला एक पायरी आहे. तिथं उन्हाळ्यात पाऊल टाकलं की अंगावरून गार पाणी गेल्यासारखं होतं. मी दिवसातून उगाचच तिथून ये-जा करते.

माती टाकणारे कामगार उत्तरेकडचे. त्यांचा मुकादम मामांना विचारायचा, "चाचा, पानी किधर जाएगा?" मामा म्हणायचे, "जिदर मैं बोलता, उदर." उकिडवं बसवत नव्हतं म्हणून मामा सरळ आडवेच झाले धाब्यावर, कुशीवर, गाल मातीला लावून. "हिकडं एक घमेलं आजून." खालून मी तो आवाज ऐकला आणि नव्या ओट्याशी भाकरी थापता थापता मला थांबावं लागलं.

शेवटी कळशी ओतायची वेळ आली. सगळे खाली उभे. मामा वरून म्हणाले, "मावळतीच्या खाली बाईंना उभं करा." इतक्या दिवसांनी त्यांनी मला कामात घेतलं होतं. मी पन्हळीखाली हात धरला. बराच वेळ काही नाही. मग एक थेंब, मग धार. गढूळ, गार.

"आलं का?"

"आलं, मामा."

"मग ठीक हाय," ते म्हणाले. आणि मग, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हितनं फुडं वैशाखात पन्हळीत हात घालून बघायचं काम बाईंचं. दुसऱ्या कुनी करायचं न्हाई." का, ते कुणालाच कळलं नाही. ही शिक्षा होती की भरवसा, हे मलाही नीट ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही.

खरं तर इथं संपायला हवं होतं. पण मामा पारावर बसतात, आणि तिथं त्यांनी एक नवंच काढलं. चालू बोलण्यात मध्येच म्हणायचे, "माझा ढाळ बरुबर व्हता." लोक म्हणायचे, "कुनी न्हवता म्हटलंय, मामा?" मामा म्हणायचे, "तसं न्हाई. त्या साली. बरुबर व्हता." यापुढं एक शब्द नाही. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. एक दिवस पारावरचा एक जण मला शाळेच्या वाटेवर थांबवून म्हणाला, "बाई, मामांना जरा दवाखान्यात दाखवा. एकच एक बोलत्यात." तेव्हा ठरवलं, आता लिहायचं. मामांचा ढाळ बरोबर होता याला पुरावा एकच आहे, आणि तो मी इतकी वर्षं झाकून ठेवला होता.

लिहून झालं ते आधी घरात वाचून दाखवलं. जेवणं झाल्यावर, सगळे पंगतीलाच बसलेले असताना. माझा आवाज वर्गातल्यासारखा निघत नव्हता. संपल्यावर मी कागद मिटले. मग नीलेश म्हणाला, "म्हंजी माझ्यावर घर पाडलं बी तूच आन् मला वाचवलं बी तूच." ऋतुजानं त्याला कोपरानं ढोसलं. हे बराच वेळ ताटातल्या खरकट्यावर बोट फिरवत होते. मग म्हणाले, "कुरडया तरी बऱ्या झालत्या का त्या साली?" मी म्हटलं, पांढऱ्याशुभ्र. ते मान हलवत हात धुवायला उठले. रात्रभर ते जागे होते हे मला माहीत आहे, कारण मीही होते. पण सकाळी त्यांनी नेहमीसारखा चहा मागितला.

मामांना विचारलं, छापायला देऊ का. ते म्हणाले, "द्या. मला काय. पर ढाळाचं नीट लिवा."

तेवढं नीट लिहिलं आहे असं मला वाटतं.

यंदाचा वैशाख लागला. माती भिजली आहे, चीक आंबला आहे. आज सकाळी ऊन चढायच्या आत मी शिडी लावून वर गेले. गुडघे कुरकुरले. कठड्याशी बसून मावळतीच्या पन्हळीत कोपरापर्यंत हात घातला. थोडं वाळलेलं गवत होतं, साळुंकीनं आणलेलं, घरटं अजून झालं नव्हतं. ते काढून शेजारच्या लिंबाच्या फांदीत खोचलं. पुन्हा हात घातला. पलीकडून बोटांना वारा लागला.

खालून, लिंबाखालून, आवाज आला. "बाई, मोकळी हाय का?"

"मोकळी आहे, मामा."